खेळण्यांतील मगर आणि बोरघाटांतील खेकडा

पोळ्याचा सण जवळ आला म्हणजे मराठवाड्यांत गांवोगांवच्या कुंभारांच्या अंगणांत मातीचे बैल वाळूं लागतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील कुंभार पिंपळगांवानें तर कुंभारांचें नांवच आपल्या नांवांत जपून ठेविलें आहे. मातीचा बैल हें पोराबाळांचें खेळणें खरें. परंतु तो घडविणारा हात खऱ्या बैलास ओळखणारा असतो. शिंगांचा बांक, वशिंडाचा उंचवटा, मान खालीं घालून ओढ घेण्याचा आवेश, हें सर्व चार बोटें उंचीच्या मातींत उतरावें लागतें. ज्यानें बैल नांगरास जुंपलेला कधीं पाहिला नाहीं, त्याच्या हातून तो आवेश उतरत नाहीं. ज्या प्राण्याच्या श्रमावर घर चालतें त्याची लहान प्रतिमा करून ती पाटावर मांडावी व तिची पूजा करावी, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

यंत्रयुगांत बैलाची जागा एंजिनानें घेतली, तेव्हां युरोपांतील कारागिरांनीं एंजिनाच्या प्रतिमा करण्यास आरंभ केला. मातीऐवजीं पत्रा आला, पत्र्यानंतर ओतीव धातु आला आणि शेवटीं त्या प्रतिमा विजेवर चालूं लागल्या. आज त्या छंदाची एक स्वतंत्र सृष्टिच झाली आहे. घरांतील एखाद्या खोलींत मोठी फळी मांडावी, तिच्यावर डोंगर, बोगदे, पूल व स्टेशनें उभारावीं आणि त्यांतून हातभर लांबीच्या गाड्या फिरवाव्या, असा हा छंद आहे. त्यांतहि स्वित्झर्लंडच्या देखाव्याची आवड सर्व देशांत विशेष दिसते. या छंदाच्या वाटेस जो लागतो त्याच्यापुढें पहिला प्रश्न येतो तो कारखान्याच्या निवडीचा. गाड्या मेर्कलिनच्या घ्याव्या कीं हागच्या, रोकोच्या कीं बेमोच्या? एका चांगल्या एंजिनाची किंमत मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाच्या घरांत जाते. आणि एका पद्धतीचे रूळ घेतले म्हणजे दुसऱ्या पद्धतीच्या गाड्या त्यांवर बहुधा चालत नाहींत. म्हणून ही निवड दुकानाच्या काचेपुढें उभें राहून करण्यासारखी नाहीं. ती करण्यापूर्वीं या खेळण्यांचा, आणि खेळणीं ज्यांच्या प्रतिमा आहेत त्या खऱ्या गाड्यांचा, इतिहास पाहावा लागतो. तो पाहूं गेल्यास वाट आल्प्स पर्वतांत जाते आणि तेथून वळून थेट आपल्या बोरघाटांत येऊन पोंचते.

जर्मनींतील गॉपिंगेन या गांवीं १८५९ सालीं थिओडोर फ्रीडरिश विल्हेल्म मेर्कलिन या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरानें बाहुल्यांच्या भातुकलीचीं भांडीं करण्याचा धंदा सुरू केला. १८६६ सालीं तो वारला. त्याची पत्नी कॅरोलिना ही स्वतः गांवोगांव फिरून माल खपवीत असे. तिनें धंदा मोडूं दिला नाहीं. पुढें मुलांनीं तो हातीं घेतला आणि १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत किल्लीवर चालणारी एक आगगाडी मांडली. गाडीपेक्षां तिचे रूळ महत्त्वाचे होते. इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा फिरणारा तो मार्ग सुट्या तुकड्यांचा होता, आणि रुळांमधील अंतराचीं मापें ठरवून त्यांस क्रमांक दिलेले होते. त्यापूर्वीं खेळण्यांतील गाडी म्हणजे एकदां आणली, मोडली व संपली अशी वस्तु होती. मेर्कलिननें ती वाढत जाणारी वस्तु केली. या वर्षीं चार रूळ, पुढल्या वर्षीं सांधा, त्यापुढें स्टेशन, अशी बापलेकांची खरेदी वर्षानुवर्षें चालूं लागली. आजच्या निवडीच्या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे. कारण माप ठरलें म्हणजे बांधिलकी आली.

पुढील तीस-चाळीस वर्षांत न्यूरेंबर्ग शहर खेळण्यांचें माहेरघर झालें. बिंग घराण्याचा तेथील कारखाना एके काळीं अतिशय मोठा होता. इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यानें जर्मन कारखान्यांकडून इंग्रजी एंजिनांच्या हुबेहूब प्रतिमा करवून घेतल्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मालाविषयीं इंग्लंडांत अढी बसली होती. त्याच सुमारास, १९२० सालीं, मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी यानें लिव्हरपूल येथें स्वतःच्या गाड्या काढल्या. १९३५ सालीं ट्रिक्स या नांवानें न्यूरेंबर्गहून फार लहान मापाची विजेची गाडी निघाली आणि जेवणाच्या मेजावर संपूर्ण रेल्वे मावूं लागली. ज्या स्टेफान बिंगनें ती काढली त्याला ज्यू असल्यामुळें हिटलरच्या राजवटींत आपला धंदा सोडून इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. मुलांच्या हातांतील या निरागस वस्तूंवरहि त्या काळाची छाया अशी पडलेली आहे.

सध्यां सर्वांत रूढ असलेलें माप या लहान गाड्यांतूनच स्थिर झालें. त्याला एच-ओ असें म्हणतात. त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्या वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याएवढी असते आणि रुळांमध्यें साडेसोळा मिलिमीटर अंतर असतें. साडेसोळास सत्याऐंशीनें गुणिलें तर १४३५ मिलिमीटर येतात. युरोपांतील प्रमाण-रुंदीच्या रेल्वेचें खरें माप तेंच आहे. अर्थात् हें खेळणें मुळांत युरोपच्या रुळांसाठीं मापलेलें आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये.

आतां ज्या देशाचा देखावा उभारावयाचा त्या देशाकडे वळूं. स्वित्झर्लंड हा डोंगरांनीं अडविलेला देश. उत्तरेकडील जर्मन मुलूख आणि दक्षिणेकडील इटली यांच्यामधील वाट गोथार्डच्या डोंगरावरून जाते. तेथें पंधरा किलोमीटर लांबीचा बोगदा खणण्याचें काम लुई फाव्र या कंत्राटदारानें १८७२ सालीं पत्करलें. बोगद्यांतील उष्णता, पाणी, धूर व सुरुंगांचे अपघात यांनीं सुमारें दोनशें मजुरांचा बळी घेतला. १८७५ सालीं मजुरांनीं संप केला, तेव्हां त्यांवर गोळ्या झाडण्यांत येऊन चौघे मरण पावले. फाव्र स्वतः १८७९ सालीं बोगद्याच्या आंत कामाची पाहणी करीत असतां कोसळला व मेला. दोन्हीं बाजूंचे खणणारे एकमेकांस भेटले ते १८८० च्या फेब्रुवारींत. मार्ग पुरा खुला झाला १८८२ सालीं. बोगद्याच्या तोंडापर्यंत चढण्यासाठीं डोंगराच्या पोटांतून गोल फिरणारे मार्ग काढलेले आहेत; वासेन गांवचें चर्च गाडींतल्या उतारूंस तीन वेळां तीन निरनिराळ्या उंचींवरून दिसतें तें त्यामुळेंच. या मार्गाचा तीव्र चढ साधारणपणें सदतिसांस एक असा आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढें जावें तेव्हां एक मीटर वर चढावें.

हा आंकडा मराठी श्रोत्यांच्या कानांस ओळखीचा वाटला पाहिजे. कर्जत व खंडाळा यांच्यामधील बोरघाटाचा तीव्र चढहि सदतिसांस एक असाच आहे. आणि तो घाट गोथार्डच्या पूर्वीं जवळजवळ वीस वर्षें, १८६३ सालीं, खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १८५६ सालीं तें काम हातीं घेतलें. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर त्यावर राबत होते. पटकी, ज्वर व सुरुंग यांनीं त्यांतले हजारों लोक नाहींसे केले. त्यांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर नाहींत. योगायोग असा कीं, येथेंहि कंत्राटदार काम पुरें झालेलें पाहूं शकला नाहीं. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्लंडांतून १८५९ सालीं येथें आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारानें वारला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट सोडून न देतां दोन अनुभवी एंजिनीयरांच्या हातीं व्यवस्था सोंपविली आणि काम तडीस नेलें. गॉपिंगेनची कॅरोलिना मेर्कलिन आणि बोरघाटची अॅलिस ट्रेडवेल या दोघी जवळजवळ एकाच काळांतल्या. पहिलीनें लहान वस्तूंचा धंदा राखला, दुसरीनें डोंगर फोडण्याचा.

त्या वेळच्या एंजिनांस एवढा चढ एका दमांत साधत नसे. आणि डोंगराच्या रचनेमुळें बोरघाटांत एका ठिकाणीं गाडी थांबवून तिची दिशा उलट करावी लागे. त्या ठिकाणास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. तेथें गाडीचें शेपूट पुढें होई व तोंड मागें. साठांहून अधिक वर्षें ही कसरत चालली.

पहिल्या महायुद्धानें स्वित्झर्लंडला एक कठोर धडा शिकविला. त्या देशांत दगडी कोळसा जवळजवळ नाहीं. युद्धांत बाहेरचा कोळसा दुर्मिळ व महाग झाला आणि गाड्या बंद पडावयाची वेळ आली. पाणी मात्र डोंगराडोंगरांतून धों धों वाहत होतें. त्या पाण्याची वीज करून गोथार्डचा मार्ग विजेवर चालविण्याचें काम झपाट्यानें पुरें करण्यांत आलें, आणि १९२२ पर्यंत तेथें विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. त्या मार्गावरील जड मालगाड्यांसाठीं विंटरथूर येथील स्विस एंजिन कारखाना व अर्लिकॉनचा विद्युत् कारखाना यांनीं मिळून एक विलक्षण एंजिन घडविलें. त्याचा देह तीन तुकड्यांचा. मधें चालकाची खोली व यंत्रें, आणि पुढें-मागें दोन लांब, बुटकीं नाकें. हीं नाकें मधल्या भागाशीं सांध्यानें जोडलेलीं असल्यामुळें अरुंद वळणांतून तें एंजिन अंग वळवीत जाई. लोकांनीं त्याला मगर हें नांव ठेविलें. १९१९ ते १९२२ या काळांत अशीं ३३ एंजिनें झालीं. पुढें १९२६-२७ सालीं सुधारलेल्या नमुन्याचीं आणखी १८ झालीं. रेटियन रेल्वेनेंहि आपल्या मीटरगेजसाठीं याच घाटणीचीं १५ लहान एंजिनें १९२१ पासून १९२९ पर्यंत घेतलीं.

तिकडे हें होत असतां मुंबईंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी सुटली. त्यानंतर घाट विजेवर चालवावयाचे ठरलें. प्रश्न गोथार्डसारखाच होता: तोच चढ, तशींच वळणें, तशाच जड मालगाड्या. तेव्हां उत्तरहि त्याच कारखान्याकडे मागण्यांत आलें. विंटरथूरच्या कारखान्यानें मगरीच्या धर्तीवर, परंतु आपल्या रुंद रुळांसाठीं व १५०० व्होल्टांच्या सरळ प्रवाहासाठीं, नवें एंजिन योजिलें. पहिलीं कांहीं एंजिनें स्वित्झर्लंडांत व बाकीचीं इंग्लंडांतील व्हल्कन कारखान्यांत बांधण्यांत आलीं. त्यांतील विजेचें काम मेट्रोपोलिटन-व्हिकर्स यांचें होतें. एकूण ४१ एंजिनें आलीं. प्रत्येकाची शक्ति सुमारें २६०० अश्वशक्ति. मधला देह, दोन नाकें, चाकांस जोडणाऱ्या आडव्या दांड्या आणि त्या दांड्यांचा तो वर-खालीं होणारा हात पाहून रेल्वेच्या लोकांनीं त्याचें नांव ठेविलें खेकडा. आल्प्सच्या सरोवरावर जी मगर होती ती सह्याद्रीच्या ओढ्यांत येतांच खेकडा झाली. नांव ठेवणारास झुरिच ठाऊक नव्हतें. पण पावसाळ्यांत बांधावरून तिरका पळणारा खेकडा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

१९२९ सालीं बोरघाटांत नवा मार्ग काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद करण्यांत आलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यापर्यंत वीज आली. १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन सुरू झाली. तिचा डौल सर्वांच्या लक्षांत राहिला. परंतु धान्य, कापूस, कोळसा व यंत्रें यांच्या मालगाड्या घाटांतून वर-खालीं नेण्याचें कष्टाचें काम खेकड्यांनीं केलें. पुढें नवीं एंजिनें आलीं तेव्हां हे म्हातारे खेकडे यार्डांत डबे लावण्याच्या कामावर राहिले आणि १९९० नंतरच्या दशकांतहि ते मुंबईच्या आसपास दिसत होते.

हा इतिहास समजला म्हणजे निवडीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. मगरीचें खेळणें प्रथम लोकप्रिय केलें तें मेर्कलिननें. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं मोठ्या मापांत ती काढली, आणि १९४७ सालीं, म्हणजे युद्धानें जर्मनी उद्ध्वस्त झालेली असतां, एच-ओ मापांत तिची धातूची प्रतिमा बाजारांत आणली. त्या एंजिनानें कारखान्याचें नांव पुन्हां जगभर नेलें. तेव्हांपासून आजतागाईत मेर्कलिन व मगर या दोन शब्दांची जोडी तुटलेली नाहीं. ज्याला गोथार्डचा भारी देखावा व ओतीव धातूचें वजन आवडतें, त्याचें मन साहजिकच तिकडे ओढ घेतें.

परंतु येथें विजेचा मुद्दा येतो. मेर्कलिनच्या पद्धतींत प्रवाह रुळांच्या मधोमध असलेल्या टिकल्यांतून एंजिनाच्या पोटाखालील पट्टीनें घेतला जातो आणि दोन्हीं रूळ मिळून त्याची परतीची वाट होते. बाकीच्या बहुतेक कारखान्यांच्या पद्धतींत एक रूळ प्रवाह आणतो व दुसरा परत नेतो, आणि त्यासाठीं दोन बाजूंचीं चाकें एकमेकांपासून विलग ठेवावीं लागतात. म्हणून मेर्कलिनची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर ठेविली तर चालत तर नाहींच, उलट दोन्हीं रूळ एकमेकांस जोडले जाऊन प्रवाह खंडित होतो. मेर्कलिनच्या पद्धतीचा एक लाभ असा कीं, रूळ फिरवून पुन्हां त्याच रुळास उलट दिशेनें मिळविले तरी घोटाळा होत नाहीं. वासेनसारखीं वेटोळीं घालणारास ही मोठी सोय आहे. दुसऱ्या पद्धतीचा लाभ असा कीं, मधल्या टिकल्या नसल्यामुळें रूळ खऱ्यासारखे दिसतात आणि अनेक कारखान्यांच्या गाड्या एकत्र चालवितां येतात. ज्यांस मेर्कलिनचें काम हवें पण दोन रुळांची पद्धति हवी, त्यांच्यासाठीं ट्रिक्सचा मार्ग आहे. कारण १९९७ पासून ट्रिक्स मेर्कलिनच्याच घरांत आहे.

हाग हा खुद्द स्वित्झर्लंडचा कारखाना. गालर नांवाच्या दोन भावांनीं तो १९४४ सालीं, युद्ध चालू असतां, काढला. घरच्या रेल्वेचीं एंजिनें घरच्या माणसांनीं करावीं, हा त्याचा बाणा राहिला. त्याच्या गाड्या जड, टिकाऊ व दुरुस्तीस सोप्या म्हणून नांवाजल्या गेल्या. आणि दोन्हीं विद्युत्-पद्धतींच्या त्यानें केल्या. जुन्या हागच्या गाड्या हातोहात फिरतात व पिढ्या पाहतात. ऑस्ट्रियांतील रोको हा कारखाना १९६० सालचा. बारीकसारीक तपशील व त्या मानानें बेताची किंमत हीं त्याचीं बलस्थानें. स्विस गाड्यांचा त्याचा संग्रहहि विपुल आहे. ज्याला आजच्या काळचें स्वित्झर्लंड मांडावयाचें आहे त्यानें तेथें आधीं पाहावें.

रेटियन रेल्वेची ज्याला भूल पडली आहे त्याची वाट निराळी. लांडवासरचा पासष्ट मीटर उंचीचा, वळत वळत सरळ कड्यांतील बोगद्यांत शिरणारा दगडी पूल १९०२ सालीं पुरा झाला. २००८ सालीं त्या मार्गाची जागतिक वारशांत गणना झाली, आणि त्याच वर्षीं आपल्या कालका-सिमला मार्गाचीहि झाली. हा मार्ग मीटरगेजचा असल्यामुळें एच-ओ मापांत त्याचे रूळ साडेसोळांऐवजीं बारा मिलिमीटरांचे लागतात. १९७६ सालीं निघालेल्या बेमो या जर्मन कारखान्यानें याच मापास वाहून घेतलें. जागा अगदींच थोडी असेल तर जपानच्या काटो कारखान्याच्या नऊ मिलिमीटर रुळांवरील रेटियन गाड्या आहेत. उलट बागेची जागा असेल तर लेहमान यांनीं १९६८ सालीं सुरू केलेल्या पंचेचाळीस मिलिमीटर रुळांवरच्या मोठ्या गाड्या आहेत. त्यांचें प्रमाण साडेबाविसांस एक असल्यामुळें तेथेंहि हिशेब मीटरगेजचाच निघतो.

मुंबई-पुण्याच्या घरांत जागेचा विचार सर्वांत आधीं करावा लागतो. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यास सुमारें आठ सेंटिमीटर उंची हवी. गोथार्डचा व बोरघाटाचा सदतिसांस एक हा चढ पाळावयाचा तर तेवढ्यासाठीं तीन मीटर लांबी खर्ची पडते. आजच्या सव्वीस मीटर लांब स्विस डब्याची प्रतिमा तीस सेंटिमीटर भरते आणि अरुंद वळणावर ती बेढब रीतीनें बाहेर झुकते. मगर मात्र तीन तुकड्यांची असल्यामुळें सुमारें बावीस सेंटिमीटर लांब असूनहि लहान वळण घेते. डोंगरासाठीं जी युक्ति योजिली होती ती येथें दिवाणखान्याच्या कामीं येते. यावरून निवडीचा क्रम असा ठरतो: प्रथम जागा मोजावी, मग मार्ग ठरवावा, गोथार्डचा कीं रेटियनचा, मग काळ ठरवावा, कारण १९२५ ची मगर व आजची चपळ गाडी एका स्टेशनांत शोभत नाहींत, मग प्रवाहाची पद्धति, आणि सर्वांत शेवटीं कारखान्याचें नांव. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात. मग कपाटांत पांच कारखान्यांच्या पांच सुंदर गाड्या जमतात आणि फळीवर एकहि रेल्वे उभी राहत नाहीं.

महाराष्ट्रांत या छंदाचें एक जिवंत उदाहरण आहे. स्वातंत्र्यानंतर अनेक दशकें परदेशी चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें असलीं खेळणीं आपल्याकडे दुर्मिळ होतीं. तशा देशांत पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनीं देशोदेशींचे भाग जमवीत, बाकीचें स्वतः घडवीत, एक संपूर्ण छोटें शहर उभें केलें. १ एप्रिल १९९८ रोजीं कोथरूड भागांतील त्यांचें लघुरेल्वे-संग्रहालय लोकांसाठीं खुलें झालें. तेथील रेल्वे एच-ओ मापाची. तींत साठांहून अधिक सिग्नल व सव्वीस सांधे आहेत. दिवे मंदावतात, रात्र पडते आणि रात्रींतून गाड्या धांवूं लागतात. हजारों शाळकरी मुलांनीं सांधा कसा बदलतो व सिग्नल कां पडतो हें प्रथम तेथें पाहिलें. तें शहर कोणत्याहि एका देशाचें नाहीं. मिळेल त्यांतून निवडलें आणि निवडलेलें चालतें ठेविलें, अशा उद्योगाचें तें फळ आहे.

आतां एकच गोष्ट राहिली. स्वित्झर्लंडची रेल्वे सर्व जगाच्या घरांत फिरते, आणि जें एंजिन तिचें सख्खें भावंड, तो आपला खेकडा, घरांत येण्यास मात्र अडचण पडते. ती केवळ अनास्थेची नाहीं, मापाचीहि आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा. सत्याऐंशीनें भागिला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारांतील साडेसोळांच्या रुळांवर खेकडा ठेविला तर त्याचे पाय आंत ओढल्यासारखे दिसणार. मगरीस नुसता रंग देऊनहि भागत नाहीं. कारण मगरीच्या दोन्हीं टोकांस एकेक जादा लहान चाकजोडी आहे, खेकड्यास ती नाहीं. तेव्हां तो ज्याला हवा त्यानें तो हातानेंच घडविला पाहिजे, पाहून व मोजून. मोजावयास तो अद्यापि उपलब्ध आहे. सर लेस्ली विल्सन हें नांव धारण करणारा खेकडा दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत आहे, आणि एक मुंबईंत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत उभा आहे. एकेचाळिसांपैकीं असे मोजकेच राहिले. बाकीचे भंगारांत गेले. ज्या १५०० व्होल्टांच्या प्रवाहावर ते चालत तो प्रवाहहि मध्य रेल्वेवरून २०१६ सालीं नाहींसा झाला. आतां ते कोठेंहि चालून दाखवूं शकत नाहींत. चालते खेकडे यापुढें असले तर ते फळीवरच असतील.

मीटरगेजच्या बाबतींत वाट अधिक सोपी आहे. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गानें सिकंदराबादपर्यंत जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, ती मीटरगेजची होती. १९९० नंतरच्या दशकांत तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती लहानखुरी गाडी जुन्या माणसांच्या आठवणींत उरली. रेटियन रेल्वेसाठीं म्हणून जे बारा मिलिमीटरांचे रूळ विकत मिळतात, तेच एक हजार मिलिमीटरांचें माप जालन्याच्या त्या जुन्या मार्गाचें होतें. ज्यानें लांडवासरच्या पुलासाठीं रूळ घेतले, त्याला त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकास जालन्याचें किंवा परतूरचें जुनें स्टेशन मांडतां येईल. वेगळें कांहीं घ्यावें लागणार नाहीं. डबे मात्र घरीं करावे लागतील.

कुंभार पिंपळगांवावरून आगगाडी जात नाहीं; ती पाहावयाची तर जालना किंवा परतूर गांठावें लागतें. तरीहि काडेपेट्या दोऱ्यानें ओवून गाडी करणारीं मुलें अशा प्रत्येक गांवांत असतात. त्यांतल्या एखाद्यानें आजोबांस विचारावें कीं, जालन्याची जुनी गाडी कशी होती, तिचे डबे केवढे, तिचा आवाज कसा. आणि सांगणारा आजोबा अजून घरांत असावा. मातीच्या बैलाचा आवेश खऱ्या बैलाच्या ओळखीवर उभा असतो, आणि ती ओळख देणारीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत.